मायाप्पाची गिटार कुठली

मायाप्पा माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. आमच्या दोघांच्या मधी कोण न्हाय. आमची आय, तानीबाई, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, तवा ह्येला माझ्या कडंवर देऊन जायची. चालायला त्येला मी शिकवलं. हिरीत ढकलून पवायला मी शिकवलं. सायकल, टेम्पो, चारचौघांत कसं बोलायचं, समदं मी. त्यातलं बोलायचं तेवढं त्येला आलं न्हाय. आन् गिटार मी शिकवली न्हाय. ती बेळगावात कॅम्पातल्या पास्कल सरांनी शिकवली.

माझं शिक्षान सातवी. पण निपाणी स्टँडावर कुणालाबी इचारा, भरमाण्णा कोण. आमच्या गल्लीत पयला टेम्पो माझा. जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून म्होरं मी. कचेरीत कानडीत, बाजारात मराठीत आन् ठाण्यात हिंदीत भांडणारा आमच्या वस्तीतला पयला गडी मी. मी मोठेपणा म्हणून सांगत न्हाय, हाय ते हाय.

मायाप्पाचं उलटं. त्येचा लाऊडस्पीकरचा धंदा. लगीन असू दे, जयंती असू दे, पुढाऱ्याची सभा असू दे, ह्यो शिडीवर चढून कर्णे बांधणार, वायरी ओढणार, माईक फुकून बघणार आन् मंडपाच्या मागं जाऊन बसणार. माझी बायकू अक्काताई म्हणायची, "भाऊजी समद्या गावाचा आवाज मोठा करत्यात, आपला तेवढा राखून ठेवल्यात." त्यो हसायचा. त्येचं हसणंबी बारीक.

आता गिटारीचं सांगतो. तरुणपणी मायाप्पा बेळगावला कॅम्पात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला हुता. तितं पास्कल सरांचा रेडिओ आला. सर म्हंजे किरिस्ताव माणूस, कॉन्व्हेंटात संगीत शिकवायचे, लगीन केल्यालं न्हवतं. रेडिओ झाल्यावर मायाप्पा त्यो पोचवायला घरी गेला. आत सर गिटार वाजवत हुते. ह्यो रेडिओ काखेत धरून दारातच हुबा. वाजवून झाल्यावर सर म्हणाले, "आत ये की. बाहेर का उभा?"

ह्यो गेला आन् भुईवर बसाय लागला. सरांनी दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. त्या घरात त्येला कुणी जात इचारली न्हाय, ही गोष्ट त्येनं घरी येऊन आयला सांगितली, गिटारीच्या आधी.

मग रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की सरांकडं. दोन-तीन वर्सं चाललं. बोटांस्नी घट्टं पडलं. आन् एक दिवस सरांनी त्येच्या हातात कापडात गुंडाळल्याली गिटार दिली. म्हणाले, "ही आता तुझी. रोज वाजव, न्हायतर रुसते." एवढंच. कुठनं आणली, कुणाची, काय न्हाय. दुसऱ्या दिवशी सर भणीकडं गोव्याला गेले, म्हैनाभरासाठी.

मायाप्पा आयतवारी गिटार घेऊन निपाणीला आला. काय गिटार! काळी कुळकुळीत, रंग असा की तोंड दिसावं. भोकाच्या भवती पांढऱ्या वेलीची नक्षी. आन् तार छेडली की मागं भुंगा गुणगुणल्यागत आवाज ऱ्हायचा, लई वेळ. असला आवाज मी कवा ऐकला न्हवता. मी त्येला टेम्पोत घातलं, स्टँडावर न्हेलं, बॉनेटवर बसवलं आन् वाजवाय लावलं. माणसं गोळा झाली. मी सांगितलं, "विलायती हाय. सायबाच्या घरातली हाय. निपाणीत एकच."

मायाप्पा हळूच म्हणला, "अण्णा, मला ठावं न्हाय ती कुठली हाय."

"गप रं. असला आवाज हितल्या लाकडात असतोय व्हय?"

चार दिवसांत समद्या निपाणीला कळलं, मायाप्पाकडं विलायती गिटार हाय म्हणून. माझं नावच तसं. मी बोललो की गावभर हुतंय.

तिकडं कॅम्पात सरांचा पुतण्या रॉनी घरी आला. भिताडावर सरांची खरी विलायती गिटार असायची, स्पेनची, रॉनीच्या बापानं, म्हंजे सरांच्या भावानं, बोटीवर नोकरीला असताना आणल्याली. ती खुंटीवर न्हाय. शेजाऱ्यांनी सांगितलं, त्यो रेडिओवाला पोरगा कापडात गिटार घेऊन जाताना बघितला. झालं. रॉनी दुकानात आला आन् गिऱ्हाइकांच्या म्होरं मायाप्पाच्या कॉलरला धरलं. "अंकलची गिटार कुठंय? निपाणीत विलायती म्हणून मिरवतोस न्हवं?"

मायाप्पा म्हणला, "सरांनी दिलीया."

"तुला? अंकल तुला देणार स्पॅनिश गिटार?"

दुकानदारानं त्येच दिवशी त्येला काढला. आमच्या वस्तीतल्या पोरावर नाव यायला पुरावा लागत न्हाय, एकानं बोट दावलं की बास.

मायाप्पा घरी आला. म्हणला, "अण्णा, मी गिटार परत नेऊन देतो."

मी म्हटलं, "येडा हाईस काय? सरांनी दिली का न्हाय?"

"दिली."

"मग परत दिली म्हंजे चोरी कबूल केल्यागत हुतंय. आपुन द्यायची न्हाय. सर गोव्यासनं आलं की बोलतील. येऊन त्या पुतण्याच्या कानाखाली देतील."

मी सांगितलं ते त्या टायमाला बराबरच हुतं. आजबी कुणी इचारलं तर हेच सांगीन. पण सर काय बोललं न्हाईत. म्हैना गेला, दोन गेलं. ना निरोप, ना काय. मायाप्पा रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचा, पोस्टमन जाऊन लई वेळ झाला तरीबी.

त्या वर्सी जयंतीला मी त्येला हट्टानं स्टेजवर चढवलं. भीमगीतं हुती, गाणारी पार्टी बोरगावची. मायाप्पा मागं गिटारीवर. दुसरंच गाणं असंल, माणसांतनं कुणीतरी वरडलं, "व्हय रं, ही कॅम्पातनं उचलल्याली न्हवं?" चारजण हसले. मी खाली उतरून त्या माणसाला शोधून हाणला, त्येचं सोडा. पण वर बघतोय तर मायाप्पाची खुर्ची मोकळी. त्या दिवसापासनं त्यो पुन्यांदा स्टेजवर वाजवाय चढला न्हाय. चढला तो माईक लावायला, आन् उतरला.

पुढं दोन-तीन वर्सांनी कॅम्पातनं एकजण सांगत आला, पास्कल सर गेलं. मायाप्पानं अंगात शर्ट चढवला. मी म्हटलं, "कुठं निघालास?"

"मातीला."

"ज्यानं तुझ्यासाठी एक शबूद काढला न्हाय, त्येच्या मातीला? गेलास तर म्हणतील चोर आला."

त्यो दारातनं मागं फिरला. मग शर्ट काढून दोरीवर टाकला.

मग लगीन झालं, पोरगी झाली, सुविधा. तिला त्येनं शिकवलं, आज ती बेळगावात हायस्कूलला मास्तरीन हाय. आमच्या घराण्यातली पयली. तिला शिकवायला मी टेम्पोच्या किती खेपा मारल्या ते तिलाच इचारा. मायाप्पाचं केस पिकलं, बायकू गेली. पण गिटार त्येनं टाकली न्हाय. दिवस मावळताना दार लावून आत एकटाच वाजवायचा, गल्लीला ऐकू जाणार न्हाय असं. लाऊडस्पीकरवाला माणूस, आन् आपला आवाज दाराच्या फटीतनंबी भाईर जाऊ द्यायचा न्हाय.

आन् एकच गोष्ट त्येच्या मनाला खात हुती. ती त्येनं मला एकदाच सांगितली, खांबावर कर्णा बांधताना, मी खाली शिडी धरून हुतो. म्हणला, "अण्णा, सरांनी मला ती स्पेनचीच दिली असंल तर? त्येंच्या भावाची वस्तू. द्यायचा त्येंस्नी हक्क न्हवता आन् मग पुतण्यानं इचारल्यावर लाजंनं गप बसले असतील तर? मग मी चोरच की रं."

मी म्हटलं, "खाली बघून बोल, पडशील."

गेल्या उन्हाळ्यात गिटारीची घोडी उखडली. घोडी म्हंजे ज्येच्यावर तारा टेकत्यात ती हाडाची पट्टी आन् तिच्या खालचं लाकूड. उन्हानं सरस सुटला. मायाप्पानं सुटलेला तुकडा रुमालात बांधला आन् मला म्हणला, चल बेळगावला. खडेबाजारातल्या वाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं गिटार उलटी केली, सुलटी केली, भोकातनं मोबाईलची बॅटरी मारून आत बघितलं. घोडी उखडली तितं रंग न्हवता, खालचं लाकूड उघडं पडलेलं, तांबूस.

दुकानदार म्हणला, "ही कुठली म्हणून आणलाय तुमी?"

मी म्हटलं, "विलायती."

"कोण म्हणलं?"

"मी म्हणतोय की! तीस-एक वर्सं निपाणी म्हणतीया!"

"मामा, ही विलायती न्हाय. ह्यो रंग लाखेचा हाय, सतारीला देत्यात तसा. ही नक्षी तंबोऱ्यावर असती. मला वाटतंय मिरजेत कुणीतरी केलीया. नक्की मला सांगता यायचं न्हाय, मी आपला तयार माल इकणारा."

माझं डोस्कं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या दुकानात प्लॅस्टिकच्या गिटारी लोंबकळत्यात, तुमास्नी काय कळतंय विलायती?" अजून चार गोष्टी सुनावणार, तेवढ्यात मायाप्पानं माझा हात धरला. दुकानदाराला म्हणला, "मिरजेची असंल?"

"असंल."

"स्पेनची न्हाय?"

"स्पेनची कशाला असंल?"

दुकानाच्या पायरीवर येऊन मायाप्पा मला म्हणला, "अण्णा, ही मिरजेची निघाली तर ही ती स्पेनची न्हवंच. मी कुणाचं काय घेतलेलंच न्हाय."

एकीकडं माझा शबूद, समद्या निपाणीत दिलेला. दुसरीकडं ह्यो माझा भाऊ, गिटार स्वस्तातली निघावी म्हणून जीव टाकतोय. मग मीच म्हटलं, "चल मिरजेला. बघूया."

मिरजेत सतारवाल्यांच्या गल्लीत भोपळे टांगलेलं, अर्धे तंबोरे भिताडाला टेकवलेलं, खाली लाकडाचा भुसा. चार दुकानं फिरलो. "गिटार? आमी न्हाय करत." पाचव्या दुकानात मुनीर नावाचा गडी, पोट सुटलेला, बोलायला माझ्या वरताण. पयल्यांदा च्या मागवला, मग गिटार घेतली. नखानं वाजवली, वास घेतला.

"तून हाय. सतारीचं लाकूड."

मी म्हटलं, "तून विलायतेतबी असंल की."

"असंल की! मला काय ठावं, मी कोल्हापूरच्या पलीकडं गेलो न्हाय."

मायाप्पानं रुमाल सोडून घोडी दिली. मुनीरनं ती डोळ्याच्या बराबरीला धरली, उजेडाकडं फिरवली, बोटानं वरनं चाचपली. आन् एकदम असा हसला की शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला.

"अरं, ह्येला जवारी काढलीया! गिटारला जवारी!"

आमास्नी काय कळंना. तवा त्येनं भिताडाचा तंबोरा वढला आन् दावलं. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून असा किंचित उतरता करत्यात, तार तिच्यावर नुसती टेकल्या न टेकल्यागत ऱ्हाती, म्हणून आवाज मागं गुणगुणत ऱ्हातो. ती जवारी. "गिटारला तार टक्कदिशी सुटली पायजे. गिटारवाल्याला असली घोडी दिली तर त्यो अंगावर यील. ही चूक जगात दुसऱ्या कुठल्याबी गावचा कारागीर करायचा न्हाय. ही मिरजेच्या हाताची चूक हाय. जल्मभर तंबोरे घासलेला हात, त्यो काय थांबतोय?"

म्हंजे त्यो भुंगा. मी स्टँडावर ज्येला विलायती आवाज म्हणून सांगितलं ते ह्ये.

मायाप्पा म्हणला, "नक्की?"

"माझ्या चुलत्याचं काम हाय ह्ये. थांबा." मुनीर माळ्यावर चढला. जळमटं, भोपळे, मोडक्या दांड्या बाजूला सारत त्येनं एक बिनरंगाचा ढाचा खाली काढला. अर्धवट गिटार, नुसतं पोट. ते आमच्या गिटारीशेजारी ठेवलं. कंबर तशीच, वेलीची नक्षी कोरायला आखलेलीबी तशीच.

"चुलत्यानं दोन केल्या. ही अर्धी ऱ्हायली. एक किरिस्ताव मास्तर यायचा बेळगावसनं, कॅम्पातनं. गिटार करून दे म्हणून मागं लागला. चुलता म्हणायचा, भोपळ्याबिगर वाद्य म्हंजे पोटाबिगर माणूस. पर मास्तर लई गोड बोलायचा. केली. मास्तरनं वाजवून बघितली आन् माझ्यागतच हसला. चुलता वरमला, म्हणला, द्या, घोडी बदलून देतो. मास्तर म्हणला, राहू दे. ज्येला द्यायचीया त्येला ह्यो आवाज आवडंल."

मायाप्पा लाकडाच्या भुशातच खाली बसला. मुनीरला म्हणला, "परत एकदा सांगा."

मुनीरनं सांगितलं.

"आनी एकदा."

त्येनं आनी एकदा सांगितलं, न हसता. मग पाण्याचा तांब्या म्होरं केला.

घोडी चिकटवताना मुनीर म्हणला, "जवारी काढून टाकू? सरळ करून देतो."

"न्हाय. हात लावू नका," मायाप्पा म्हणला. इतक्या जोरात बोलताना मी त्येला कवा ऐकलं न्हवतं.

येताना गाडीत मी म्हटलं, जाऊ दे मसणात विलायत. माझा भाऊ चोर न्हाय ह्येचा पुरावा हाय माझ्या मांडीवर. आता कॅम्पात जायचं, त्या रॉनीच्या दारात हुबं ऱ्हायचं, आन् समद्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचं. मायाप्पा म्हणला, "सांगायचं. पण हळू सांग." वाटंत त्यो गिटारीवरचं कापड सारखं नीट करत हुता, बाळुत्यातल्या पोराला करत्यात तसं.

घोडीचा सरस वाळल्यावर पुढच्या आठवड्यात बेळगावला गेलो. मायाप्पानं नवा पांढरा शर्ट घातलेला. मी फेटा बांधणार हुतो, त्येनं बांधू दिला न्हाय. पास्कल सरांचं घर अजून हुतं, म्होरला भाग कुणाला तरी भाड्यानं दिलेला. मागच्या व्हरांड्यात बनियनवर एक म्हातारा, वेताच्या खुर्चीत, कुत्र्याला ब्रेडचा तुकडा चारतोय. तोच रॉनी. कॉलर धरणाऱ्या त्या गड्याचं नुसतं खोकड उरलेलं.

मी सुरू केलं. रस्त्यात तोंडपाठ करून आलतो. आमी कोण, निपाणीचं कोण, आमच्या घराण्याची इज्जत काय, दुकानात चारचौघांत काय झालं, मिरजेत काय निघालं. रॉनी ऐकत हुता का न्हवता कुणास ठावं. मधीच म्हणला, "कौन सी गिटार?"

मायाप्पानं कापड सोडलं.

"अरे! मिरजवाली! अंकलची!" म्हाताऱ्याला आनंद झाला. खरोखर आनंद झाला. "तुम वो रेडिओवाला लडका? किती बुढ्ढा झालास रे! बस, बस."

मी म्हटलं, "बसायला न्हाय आलो. तुमी ह्येला चोर म्हणालात. ही तुमची स्पेनची न्हाय, कळलं न्हवं आता?"

रॉनी म्हणला, "ते तर तेव्हाच कळलं. स्पॅनिश अंकलच घेऊन गेले होते, गोव्याला, आँटीकडे वाजवायला. महिन्याने घेऊन आले परत. मी बोललो, अरे, हिथंच आहे!" आन् त्यो हसला. "बच्चे थे ना हम. गरम डोकं."

समद्या निपाणीला गप करणारा मी, आन् माझं तोंडपाठ केलेलं समदं त्या खोकडानं एका वाक्यात फुकून टाकलं. शेवटी एवढंच निघालं, "मग सांगितलं का न्हाय?"

"किसको सांगायचं? हा गेला होता ना दुकान सोडून. मला काय माहीत कुठं निपाणीत राहतो."

"निपाणीत मिरवतोस म्हणून तुमीच म्हणला हुता की!" मी वरडलो. कुत्रं भुंकाय लागलं. माझा हात वर गेलता, मायाप्पानं त्यो धरून खाली घेतला. आल्यापासनं त्येनं पयल्यांदा तोंड उघडलं.

"सरांस्नी काय सांगितलं माझं?"

रॉनी कुत्र्याच्या मानंला खाजवत बसला. मग म्हणला, "काय सांगणार... शरम वाटली मला पण. बोललो, काम सोडून गेला. न सांगता."

"सर काय म्हणले?"

"काय नाही. विचारायचे. मायाप्पा आला नाही का रे आज? संध्याकाळी हा दरवाजा उघडाच ठेवायचे, मच्छर आत यायचे, मी ओरडायचो. शेवटी आजारी पडले तेव्हा पण. बोलायचे, तो गिटार तर घेऊन गेला, वाजवत तरी असेल ना?"

आतनं कुणीतरी च्या आणला. रॉनीनं बिस्किटाची बशी म्होरं सरकवली. म्हणला, "वाजव ना जरा. अंकल नसल्यापासून कोणी वाजवलं नाही इथं."

मायाप्पा गिटार मांडीवर घेऊन बसला. डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवली. उजवा हात वर उचलला आन् तसाच खाली आणून मांडीवर ठेवला. मग गिटार कापडात गुंडाळली, गाठ मारली, म्हाताऱ्याला "येतो" म्हणला आन् चालाय लागला. च्या तसाच ऱ्हायला.

रातच्याला सुविधाकडं ऱ्हायलो. तिनं इचारलं, "मोठे पप्पा, काय झालं?" मी म्हटलं, "जिंकलो की. म्हाताऱ्यानं कबूल केलं." ती बापाच्या तोंडाकडं बघून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठतोय तर मायाप्पा आंघूळ करून, तोच पांढरा शर्ट घालून दारात. गिटार सुविधाच्या कपाटावर ठेवलेली.

"कुठं निघालास?"

"मातीला," त्यो म्हणला.

मी चपला घातल्या. ह्या खेपंला मीबी संगं निघालो.

रिक्षानं किरिस्तावांच्या दफनभूमीवर गेलो. वाटंत त्येनं मेणबत्त्या घेतल्या, आमच्या विहारात लावतोय त्याच. राखणदार यल्लाप्पा म्हणून हुता, पानं झाडत हुता. त्येला नाव सांगितलं, साल अंदाजानं सांगितलं.

"पक्की बांधली हुती काय? वर फरशी, क्रूस?"

आमास्नी काय ठावं? यल्लाप्पा म्हणला, "मागं कोण बघणारं न्हवतं न्हवं, मग न्हाय बांधली. जागा कमी, मामा. न बांधलेल्या जागंत काही वर्सांनी दुसरं माणूस ठेवत्यात. चला, ती थडग्यांची वळ दावतो."

कोपऱ्यातली वळ. समद्या नव्या फरश्या, फोटो लावलेल्या. यल्लाप्पानं एका बाईच्या थडग्याकडं हात केला. "ह्या बाजूला कुठंतरी. हिच्या खालीबी असतील, शेजारीबी असतील. नक्की न्हाय सांगता यायचं." आन् खराटा घेऊन गेला.

मायाप्पा त्या बाईच्या फोटोम्होरं हुबा ऱ्हायला. मग गुडघ्यावर बसून मेणबत्ती लावली. वाऱ्यानं इझली. परत लावली. मी आडवा हुबा ऱ्हायलो, वारं अडवायला.

तेवढ्यात मागं एक बाई आली, हातात फुलं. आमच्याकडं बघून थबकली. मायाप्पाला म्हणाली, "तुम्ही मम्मीला ओळखत होता?"

मी सांगणार हुतो. आमी कोण, कुणासाठी आलोय, समदं. पण मायाप्पानं मेणबत्तीवरनं नजर न काढता मान हलवली. म्हणला, "व्हय. मला लई जीव लावला हुता. मला लई उशीर झाला बाई. माफी करा."

ती बाई म्हणाली, "येतं कोण हो आता." आन् आपली फुलं ठेवायला त्येच्या शेजारी बसली. मायाप्पा तिला जागा करून द्यायला जरा बाजूला सरला.